कोल्ह्याची तंबाखू

विभाग बंद झाला तेव्हा
कपाटं वजनावर गेली,
आणि कागदाला चिकटवलेली झाडं कागदाच्याच भावात.
एकतीस वर्षं मी त्यांना डांबरगोळ्या घातल्या होत्या.
एक पाकीट उचललं. कुणी विचारलं नाही.

तपकिरी शाईत: व्हर्बास्कम. चक्राता, १९६१.
खाली पेन्सिलीनं, कुणा वाटाड्याच्या तोंडचं:
गीदड तमाखू. म्हणजे कोल्ह्याची तंबाखू.
संकलक: सर.
आत बी, खसखशीहून बारीक,
नखावर घ्यावं तर श्वासानं उडेल.

माझगावात माझ्या खिडकीखाली
मासळीचं थर्माकोलचं खोकं, तळाला भोकं पाडलेलं.
दोन वाटे रेती, विटांचा चुरा, माती नावापुरती.
लाडानं बिघडणारी जात आहे ही.
बी पुरायचं नाही. भुरभुरायचं,
तळहातानं दाबायचं, उजेड बघू द्यायचा.
हे सर पोरांना शिकवत होते,
मी फळा पुसत होतो.

बाविसाव्या दिवशी हिरवे ठिपके.
दीड महिन्यात लोकरीचे कान.
येसूबाय वाकून म्हणाली, "विश्राम, हा तर भांबुर्डा!
गटाराकडेला लागेल तेवढा उपट."
भीती मलाही तीच.
पण भांबुर्ड्याचं पान चुरगाळलं
की नाकात कापूर चढतो, बोटं चिकटतात.
हे चुरगाळलं, तर काहीच नाही.
भिंग लावलं
(तेही तिथलंच, तेही कुणी विचारलं नाही):
साधे केस नव्हेत, फांद्या फुटलेले,
केसाला केस, त्याला केस,
पानावर झाडांचं रान.
म्हटलं, येसूबाय, पाहुणी आहे.

पाहुणी बसली ती बसलीच.
जमिनीलगत पानांचं चक्र,
आधी ताटाएवढं, मग परातीएवढं.
दांडा नाही. फूल नाही. वर्ष गेलं.
तिला थंडी लागते, अडीच महिने सलग,
त्याशिवाय ती उठत नाही.
आणि आमच्याकडे जानेवारीत
पंखा पाचावरून दोनवर येतो,
तोच हिवाळा.

भाचा हरेश भाऊच्या धक्क्याला
बर्फाच्या कारखान्यात पाळी करतो.
म्हणाला, "मामा, लाद्यांच्या खोलीत मरेल ती.
बाहेरच्या खोलीत ठेवू, तिथं दिवा असतो."
टेम्पोतून गेली, रिकाम्या टोपल्यांच्या मधे.
सत्तर दिवस.
रविवारी जाऊन मी बोट लावून यायचो:
लोकर गार हवी, ओली नको,
पाणी चमच्यानं, नाहीतर गाभा कुजतो.
बर्फवाले तिला मामाची मांजर म्हणू लागले.
एकानं तिच्याजवळ विडी ओढायचं सोडलं.

मार्चात घरी आणली,
दोन दिवस रुसून पडली.
मग गाभ्यातून अंगठाभर काहीतरी,
मग कोपरभर,
मग माझ्या छातीला लागलं.
पहाटे पाच-सहा फुलं, पिवळी,
ओळीनं नाही, वाटेल तिथं,
जशी कोळीवाड्यात एकेका घरी बत्ती लागते.
बारा वाजेपर्यंत खाली गळालेली.
येसूबाय रोज मोजते. मला सांगते,
जणू मला दिसत नाही.

काल एक पान आणि दांड्याचं टोक
वर्तमानपत्रात दाबलं, वर पाटा ठेवला.
चिठ्ठी लिहिली.
स्थळ: माझगाव. उंची: समुद्राच्या जरा वर.
अधिवास: मासळीचं खोकं.
संकलक:
इथं हात थांबला.
एकतीस वर्षं डिंक माझा, नाव दुसऱ्याचं.
विश्राम गोविंद तांडेल.
तांडेलमधला ड जरा वाकडा आला,
राहू दिला.

फुलाला म्हणण्यासारखा वास नाही.
चिठ्ठीला आहे,
किंचित बोंबलाचा.